विहिणीची झडती

"हात वर कर. वळ. आता तोंड उघड."

"तोंड उघडू? विचार करून सांग हं मावशी. एकदा उघडलं की घरी पोचेपर्यंत मिटत नाही," बडबडी म्हणाली, आणि मागची सगळी रांग खिदळली.

दारावरची मावशी रोज या बोलण्याला हसायची. आज हसली नाही. तिच्या डाव्या अंगाला, लोखंडी फाटकाला टेकून, मॅनेजर उभा होता. कामगार बायका सुटायच्या वेळी मॅनेजर कधी फाटकाशी येत नसे. त्याने हात पाठीमागे बांधले होते आणि तो बायकांकडे न बघता मावशीच्या हातांकडे बघत होता.

मावशीने बडबडीचे खांदे चाचपले, काखा चाचपल्या, कमरेची गाठ दाबून पाहिली.

"अगं हळू, गुदगुल्या होतात. नवऱ्याने कधी माझ्याकडे एवढं लक्ष दिलं नाही!"

"गप. साहेब आहेत," मावशी ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"असू देत की. त्यांनाही कळू दे तुझे हात किती गार असतात ते."

मावशीने तिच्या केसांच्या पिना काढल्या, अंबाडा सोडला, बोटं फिरवली. काही नव्हतं. मग हात. बडबडीच्या उजव्या तर्जनीला पांढरं सूत गुंडाळलेलं होतं. हे काही नवीन नव्हतं. विणायच्या यंत्राचा हुक बोटाला लागायचाच. लागला की बाई हाताशी असलेलं सूत बोटाला गुंडाळायची आणि काम पुढे चालू ठेवायची. सुटताना ते उलगडून टेबलावरच्या डब्यात टाकायचं, एवढाच नियम. कुणी विसरली तर मावशी हळूच "बोट" म्हणायची आणि ती बाई जीभ चावून परत आत पळायची.

आजही मावशी "बोट" म्हणाली. पण मॅनेजरच्या धास्तीने आवाज जरा चढला.

"काय आहे बोटाला?" मॅनेजर पुढे आला. त्याने स्वतः ते सूत उलगडलं आणि चिमटीत धरून चोळलं. सूत बारीक करकरलं. "धुतलेलं आहे."

"अहो साहेब, हुक लागला. रक्त दिसतंय की त्याला!"

"बाजूला उभी राहा." मग तो मावशीकडे वळला. "हे तुला सापडलं ना?"

"सापडलं म्हणजे... बोटालाच होतं, साहेब."

"सापडलं की नाही?"

रांग गप्प झाली होती.

"सापडलं," ती म्हणाली.

मॅनेजरने पहारेकऱ्याला हाक मारली आणि बडबडीला कचेरीकडे न्यायला सांगितलं. जाताना बडबडीने मागे वळून पाहिलं. आता मावशी काहीतरी बोलेल, हसून सगळं मिटवेल, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. मावशी पुढच्या बाईचे खांदे चाचपायला लागली होती.

आणखी दोघीतिघी गेल्या आणि विहीणबाई समोर आल्या. मावशीच्या लेकीची सासू. अंगाने उंच, केस निम्मे पांढरे, अंबाडा नीटनेटका. मॅनेजर पाठमोरा होऊन पहारेकऱ्याशी बोलत होता. मावशीचे हात विहीणबाईंच्या खांद्यांपासून वीतभर अंतरावर नेहमीसारखे थांबले आणि खाली आले.

"या विहीणबाई," मावशी मान खाली घालून म्हणाली.

"येते हं," म्हणून विहीणबाई फाटकाबाहेर गेल्या.

त्या काळी विजेच्या तारा अजून गावापर्यंत आल्या नव्हत्या. रस्त्यावर, दुकानांत, बऱ्या घरांत गॅसचे दिवे असत. दिव्याच्या ज्योतीवर सुताची एक बोटभर जाळी बसवत. तापली की ती डोळे दिपावेत असा पांढरा उजेड देई. या कारखान्यात त्या जाळ्या बनत. इतरांच्या जाळ्या जरा धक्का लागला की राख होऊन पडत, इथल्या टिकत. त्याचं कारण मागच्या अंगणातल्या एका बंद खोलीत होतं. विणायला देण्याआधी सूत तिथे कशात तरी धुतलं जाई. कशात, ते मालक, त्यांचा रसायनवाला आणि सूत धुणारे दोन म्हातारे यांनाच ठाऊक. विकायला पाठवण्याआधी जाळी एकदा पेटवत; तेव्हा सूत जळून नुसता सांगाडा उरे आणि सुताबरोबर धुण्याची खूणही जाई. म्हणून बाजारातून जाळी विकत नेऊन कुणी कितीही चिरफाड केली तरी हाती काही लागत नसे. लागायचं तर धुतलेलं कच्चं सूतच हवं. ते चोळलं की करकरे. कारखान्यातली नवखी पोरगीसुद्धा ते अंधारात ओळखी.

तसं सूत बाहेर जाऊ नये म्हणून फाटकावर मावशी होती.

नदीपलीकडे दुसऱ्या एका कंपनीने जाळ्यांचा कारखाना काढला होता. सुरुवातीला त्यांच्या जाळ्यांची लोक टिंगल करत. शिंकलं तरी दिवा विझतो, म्हणत. पण त्या वर्षी त्यांच्या जाळ्या टिकायला लागल्या. पलीकडच्या दुकानांत त्या ओळीने पेटलेल्या दिसू लागल्या, आणि इथल्या मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांची तार आली: चोर शोधा. म्हणून मॅनेजर फाटकाशी येऊन उभा राहिला होता.

मावशीचा नवरा याच कारखान्यात पहारेकरी होता. तो गेल्यावर तिला हे काम मिळालं. काम वाईट नव्हतं, पण माणसं तोडणारं होतं. रोज संध्याकाळी जिचे हात आपल्या अंगावरून फिरतात, तिला घरी बोलवावंसं कुणाला वाटत नाही. नळावर बायका तिच्यासाठी जागा करत, ती मानाने नाही, अंग चोरून. कुणाला दिवस गेलेत ते नवऱ्याआधी मावशीला कळे. कुणाच्या पाठीवर वळ आहेत तेही. ती कधी कुणाजवळ बोलली नाही. पण तिला ठाऊक आहे हे त्या बायकांना ठाऊक होतं, आणि तेवढं पुरे होतं. तिची एकुलती एक लेक 'झडतीवालीची पोर' म्हणूनच वाढली. दिसायला चांगली, हाताला चलाख, पण स्थळ येईना.

आणि मग सूतवाला आला. हा दोन्ही कारखान्यांना सूत पुरवणारा दलाल. जाडजूड, हसरा, घोडागाडीतून हिंडणारा. तो म्हणाला, "मावशी, तुझ्या मुलीला एक घर विचारतंय." घर मावशीच्या दृष्टीने फारच वरचं होतं. माडी असलेलं, स्वतःचं. मुलगा यंत्रकामात तयार. घरात फक्त आई. आणि त्यांची मागणी काहीच नाही, मुलगी तेवढी द्या.

मावशीने ही गोष्ट ज्याला सांगितली नाही असा माणूस गावात उरला नाही. नळावर सांगितली, वाण्याला सांगितली. फाटकावर एकेका बाईचे खांदे चाचपता चाचपता सांगितली: "अगं, आमच्या पोरीला मागणी चालून आली." बायका ऐकून घेत. हात वर असल्यावर दुसरं काय करणार?

लग्नानंतर काही महिन्यांनी विहीणबाई म्हणाल्या, "मुलगा कामाला जातो, सून सगळं बघते. मी काय भिंतींशी बोलत बसू? तुमच्या कारखान्यात बघा की माझ्यासाठी काहीतरी." मावशीने शब्द टाकला. विहीणबाईंना विणकामावर घेतलं.

पहिल्या संध्याकाळी त्या रांगेत पुढे आल्या तेव्हा मावशीचे हात वर गेले आणि तिथेच राहिले. लेक हिच्या घरात राहते, हिच्या हातचं खाते. हिला चारचौघींत केस सोडायला सांगायचं? हिची कमर चाचपायची? मागून बडबडीच ओरडली होती, "मावशी, तिची झडती घेऊ नकोस बाई! घरी गेल्यावर तुझ्या पोरीची झडती होईल!" सगळ्या हसल्या होत्या, विहीणबाईसुद्धा. मावशी म्हणाली होती, "या विहीणबाई." तेव्हापासून तोच शिरस्ता पडला.

बडबडीला कामावरून काढलं. नुसतं काढलं नाही; दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्यावर तिला फाटकाच्या आत उभी केली आणि सगळ्या बायकांना तिच्यासमोरून जायला लावलं. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मालकांना तार गेली: चोर सापडला.

सुट्टीच्या दिवशी मावशी लेकीकडे गेली. जावई खुशीत होता. तो जिन्यावरूनच म्हणाला, "सासूबाई, बातमी आहे! नदीपलीकडच्या कारखान्यात मला फोरमन करतायत. राहायला घरही देतायत, पाण्याचा नळ आतच!"

"पलीकडच्या?" मावशीने विचारलं.

"कुठलाही असो. या काठावर मला जन्मभर यंत्रं पुसायला लावली असती," असं म्हणून तो शीळ घालत बाहेर गेला.

लेक खिडकीशी बसून त्याच्या सदऱ्याचं बटण लावत होती. "आण, मी लावते. तू जरा पाठ टेक," म्हणून मावशीने सदरा ओढून घेतला. सुईत दोरा ओवण्यासाठी तिने डब्यातल्या सुताच्या गुंडाळीचं टोक तोडलं आणि पीळ द्यायला चिमटीत फिरवलं.

ते करकरलं.

मावशीने पुन्हा फिरवलं. पुन्हा करकर.

"हे कुठलं सूत?"

लेकीने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "घरातलंच आहे. डब्यात होतं," ती म्हणाली आणि तिची नजर नकळत स्वयंपाकघराकडे गेली.

मावशी उठली. विहीणबाई ओट्याशी कपबश्या पुसत उभ्या होत्या. मावशीने तळहातावरची गुंडाळी पुढे केली. तिला वाटलं, ही दचकेल, काहीतरी खोटं सांगेल. खोटं सांगितलं असतं तर मावशीने ते आनंदाने खरं मानलं असतं.

"एवढा तुकडा राहिला वाटतं," विहीणबाई म्हणाल्या. कप पुसणं थांबलं नाही. "सुनेला म्हटलं होतं, चुलीत टाक."

"केसांतून नेलंत?"

"मग कशातून? माझे केस पांढरे, सूत पांढरं. तसंही तुम्ही माझ्या केसांकडे कधी बघितलंत? माझ्याकडेच बघत नाही. खाली बघता."

मावशी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "का पण? तुम्हाला काय कमी होतं?"

"मला नाही, मुलाला. पोरगा हुशार आहे, पण त्याला कुणी वर येऊ देईना. सूतवाला म्हणाला, पलीकडचे मालक त्याला फोरमन करतील, फक्त एक वस्तू हवी. मी म्हटलं, ते कसं जमणार? फाटकावर ती बाई आहे, ती सख्ख्या आईला सोडायची नाही." विहीणबाईंनी कप पालथा घातला. "तर तो हसला. म्हणाला, तिला मुलगी आहे ना लग्नाची?"

मावशीला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचे कान तापले, मग मान, मग सगळं अंग. तिला नळ आठवला, वाणी आठवला. हात वर करून मुकाट्याने ऐकणाऱ्या त्या सगळ्या बायका आठवल्या. मागणी चालून आली. ती ओट्याच्या कडेला टेकली. विहीणबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"सून चांगली निघाली, हे खोटं नाही सांगत. मुलाचा जीव आहे तिच्यावर. आधी नव्हता, आता आहे. झालं ते झालं, विहीणबाई. आता फक्त एकदा. हवा दमट झाली की ते धुण्याचं पाणी बदलतात, त्यातलं सूत पलीकडे अजून गेलं नाही. तेवढं दिलं की मी काम सोडते."

"आणि बडबडी?"

"तिला मी नाही पकडून दिलं." विहीणबाईंनी प्रथमच तिच्या डोळ्यांत पाहिलं. "तिचं बोट तुम्ही दाखवलंत."

मावशीने पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"तुम्ही कुठे बोलणार नाही, म्हणून तर मी सरळ सांगितलं. बोललात तर पोरीने कुठे जायचं? तुमच्या त्या खोलीत?"

लेक तिला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आली.

"तुला ठाऊक होतं?" मावशीने विचारलं.

"ह्यांनीच सांगितलं. लग्न झाल्यावर काही दिवसांनी. रडत होते सांगताना."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू ग? तू येशील तेव्हा तेच. शेजारणीला थांबवून तेच. माझ्या पोरीला मागणी चालून आली." लेकीने तिच्या आवाजाची हुबेहूब नक्कल केली, आणि मग तिचाच आवाज फुटला. "तुझ्या तोंडावरचं ते हसू मी कशाला पुसू?"

मावशी रस्त्याच्या कडेला थांबली. आपल्या पोरीने आपल्याला सांभाळून घेतलं, आणि आपण मिरवत होतो. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या कोपऱ्यावर कळलं.

"मी काय करू, सांग," ती म्हणाली.

"मला विचारू नकोस, आई. मी गप्प बस म्हणेन." लेकीने डोळे पुसले. "मला ते घर हवंय. ते माणूस हवंय."

ती परत फिरली. मावशी तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

सकाळी कामावर जाताना कुणी भेटू नये म्हणून मावशी मोठ्या रस्त्याने गेली नाही; पण गल्लीतल्या एका घराच्या पायऱ्यांवर बडबडी तिला दिसलीच. गुडघे टेकून पायऱ्या घासत होती. कारखान्यातून चोर म्हणून काढलेल्या बाईला दुसरं काम कोण देणार? तिची धाकटी पोर पायरीवर बसून ब्रशच्या फेसाशी खेळत होती. मावशी थांबली. बडबडीने तिला पाहिलं. मावशीला वाटलं, आता ही तोंड सोडेल. सोडावं. चार घरची माणसं गोळा होईपर्यंत शिव्या घालाव्यात. बडबडीने फक्त पोरीला जवळ ओढलं, मावशीला जायला वाट करून दिली आणि पुन्हा ब्रश फिरवायला घेतला.

फाटकाशी सूतवाल्याची घोडागाडी उभी होती. सुताच्या गासड्या उतरत होत्या. मावशीला बघून त्याने टोपी उचलली.

"काय मावशी, लेक मजेत ना? मी जुळवलेली लग्नं सहसा मोडत नाहीत हं!"

मावशी त्याच्या बाजूने आत गेली आणि थेट कचेरीच्या पायऱ्या चढली. आजवर ती तिथे बोलावल्याशिवाय गेली नव्हती.

"साहेब, मी एका बाईला तपासत नव्हते," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "खूप दिवस. तीच सूत नेते. ती दुसरी बाई निर्दोष आहे, तिला परत घ्या."

मॅनेजरने हातातला रूळ खाली ठेवला. "कुणाला तपासत नव्हतीस?"

मावशीचे ओठ हलले. नाव बाहेर आलं नाही. पण मॅनेजर मूर्ख नव्हता. फाटकावर कोण कुणाची विहीण आहे, ते सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. त्याचा चेहरा हळूहळू आंबट झाला.

"मालकांना तार गेली आहे. चोर सापडला, बंदोबस्त झाला. त्यांची शाबासकी आली मला." त्याने दार लोटून घेतलं. "आता तू दुसरा चोर आणून देणार. मग पहिल्या वेळी मी काय केलं, असं नाही का ते विचारणार?"

"पण खरं तेच आहे, साहेब."

"खरं असेल तर माझ्या हातात आणून दे. सगळ्यांसमोर. माल आणि माणूस एकदम. नाहीतर त्या बाईचं नाव या खोलीत पुन्हा काढू नकोस."

मावशी पायऱ्या उतरली. तिने मनाशी एक हिशेब केला होता: आपण साहेबांच्या कानात सांगावं, साहेबांनी विहीणबाईंना गुपचूप घरी बसवावं, बडबडीला गुपचूप परत बोलवावं. कुणाचा बभ्रा नको. तो हिशेब आता उरला नव्हता. जे व्हायचं ते फाटकावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तिच्याच हातांनी व्हायचं होतं.

मग दोनतीन दिवस काहीच झालं नाही. विहीणबाई रोज रांगेतून येत, "येते हं" म्हणत आणि जात. मावशी त्यांच्या अंबाड्याकडे बघे. आता ती खाली बघत नव्हती. अंबाडा रोज तेवढाच असे. रोज तिला सुटल्यासारखं वाटे, आणि वाटल्याची लाज वाटे. कदाचित ही आणणारच नाही. कदाचित भ्यायली. मग आपल्याला काही करायला नको. पण घरी जाताना ती त्या पायऱ्यांची गल्ली टाळून लांबचा फेरा घेई.

मग आभाळ भरून आलं. भिंतींना ओल सुटली, कपडे वाळेनासे झाले. मागच्या खोलीतल्या म्हाताऱ्यांनी जुनं पाणी ओतून दिलं. त्याचा उग्र वास दिवसभर अंगणात रेंगाळला.

त्या संध्याकाळी विहीणबाईंचा अंबाडा मोठा होता. फार नाही. बघणाऱ्यालाच कळावा एवढा. त्यांनी तो लपवायची तसदीसुद्धा घेतली नव्हती. रांग पुढे सरकत होती. मॅनेजर अंगणापलीकडे कचेरीच्या दारात उभा होता. विहीणबाई समोर आल्या आणि न थांबता म्हणाल्या, "येते हं."

"विहीणबाई, थांबा."

त्या एक पाऊल पुढे गेल्या होत्या. त्या वळल्या.

"हात वर करा," मावशी म्हणाली.

मागची कुजबूज बंद पडली. विहीणबाई पुढे झुकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "वेड लागलं का तुम्हाला? माणसं बघतायत."

"केस सोडा."

"पोरीचा विचार करा."

"केला," मावशी म्हणाली. "सोडा ना. नाहीतर मला सोडावे लागतील."

विहीणबाईंनी हात वर केले नाहीत. त्या ताठ उभ्या राहिल्या, समोर फाटकाच्या सळ्यांकडे बघत. मावशीने हात पुढे केले. त्या अंगाला तिचा हात कधीच लागला नव्हता. लेकीच्या लग्नातही दोघींनी एकमेकींना लांबूनच नमस्कार केला होता. तिने एक पीन काढली. दुसरी काढली. अंबाडा मानेवर सुटला. वरचे केस विरळ होते. आत सुताचं वेटोळं होतं. ते खाली पडलं नाही. केसांना अडकून बसलं होतं. ओढलं असतं तर केस तुटले असते, म्हणून मावशी एकेक धागा सोडवू लागली. त्याला वेळ लागला. सगळी रांग बघत होती. विहीणबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

मॅनेजर धावत आला. सूत त्याच्या हातात करकरलं, ते पहिल्या काही बायकांना ऐकू गेलं.

"मला हिचा संशय होताच!" तो मोठ्याने म्हणाला.

"साहेब," मावशी म्हणाली, "ती दुसरी बाई."

"कोण दुसरी?"

"बोट बांधलेली. तिला निरोप धाडा."

"बघू नंतर."

"सगळ्यांसमोर आण म्हणालात. आणलं. आता सगळ्यांसमोर सांगा."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "हो, सांगा की." मग आणखी कुणीतरी. मॅनेजरने रांगेवर नजर टाकली, पहारेकऱ्याकडे वळला आणि म्हणाला, "त्या बाईला सांग, उद्यापासून ये म्हणावं." मग चिडून तो मावशीवर फिरला. "आणि तू! इतके दिवस हिला सोडत होतीस. उद्यापासून तू येऊ नकोस. या चोरटीला चौकीवर घेऊन जा रे."

"हो साहेब," मावशी म्हणाली. तिला ते आधीच ठाऊक होतं.

पहारेकरी पुढे झाला. विहीणबाई केस गोळा करायला लागल्या. पण केस एका बाजूने धरावेत तर दुसऱ्या बाजूने सुटत होते. पिना खाली मातीत पडल्या होत्या. पहारेकरी भला माणूस होता. तो पाठ फिरवून उभा राहिला.

मावशी वाकली. तिने पिना वेचल्या, आपल्या कपड्याला पुसल्या, आणि विहीणबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली. विहीणबाईंनी हात खाली सोडले. मावशीने केस बोटांनी विंचरले, एकत्र केले, पीळ दिला. रांग हलली नाही. शेवटची पीन खोचताना विहीणबाईंनी मान जराशी पुढे केली.

"घट्ट बांधा," त्या म्हणाल्या. "रस्त्यातून जायचंय मला."

मावशीने पीन परत काढली, अंबाडा सोडला, आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतला.